पायाला हात न लावता

ऐरोलीच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मनाली लेकीला मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत होती. शेजारी घणसोली गावातल्या सासू-सुना बसल्या होत्या. सुनेचं बाळ दहा महिन्यांचं, पण अजून नीट मान धरत नव्हतं. मनाली मनात नको नको म्हणत त्यांचं बोलणं ऐकत राहिली.

"आई, हा हल्ली मला बघितलं की रडतो."

"व्यायामाला त्याचे पाय तू वाकवतेस ना, म्हनून."

"मग बंद करू?"

"डॉक्टर रोज करा बोललेत ना?"

"केला तर हा मला घाबरतो, नाही केला तर बसायला शिकणार नाही. मला काही कळतच नाय!"

"आजपासून व्यायाम मी करीन. तू त्याला नुसतं जवल घे."

"मग तो तुम्हाला घाबरेल."

"घाबरू दे. दे इकडं."

सासूने घेतलं तसं बाळ मोठ्याने रडायला लागलं.

"बघा, तुमच्याकडेपण रडतो!"

"अगो, मी अजून पायाला हात कुठं लावलाय?"

"मग का रडतोय?"

सासूने बाळ परत सुनेच्या मांडीवर ठेवलं. रडणं थांबलं.

"आई, आता हा गप्प का झाला?"

मनालीचं नाव पुकारलं. तिला ते ऐकूच आलं नाही.