उर्दूतली सही

गफूर : ह्या रिपोर्टवरची सही माझी न्हाई, अप्पा.

विरूपाक्ष : तुमचीच म्हणा की. खाली नाव तुमचं, परवान्याचा नंबर तुमचा.

गफूर : नंबर माझा. पण सत्तावीस वर्षं झाली वायरमनकी करून, सही मी उर्दूत करतो. इथं कुणीतरी मराठीत ‘गफुर’ लिहिलंय. तेबी ऱ्हस्व. खोटं करायचं तर नीट तरी करायचं!

विरूपाक्ष : हळू बोला. बाया डाळ निवडतायत तिकडं. कनेक्शनच्या एजंटानं केलं असंल. तुमच्या परवान्याची झेरॉक्स होतीच माझ्याकडं.

गफूर : ती दिवाळीत कामासाठी दिली होती. मिल बघितली, कागदावर लिहून दिलं. अर्थिंगचे दोन खड्डे करा, करंट उतरला की आपोआप पडणारा स्विच बसवा, मग टेस्ट रिपोर्टवर सही करतो. कुठं गेला तो कागद?

विरूपाक्ष : असंल कुठंतरी. अहो, वीज कंपनीनं रिपोर्ट मागितला, आपण दिला, कनेक्शन आलं. खड्डे मोजायला कोण येतंय? सगळीकडं असंच चालतं. तुम्हीच तेवढे कायद्याचे जावई!

गफूर : म्हणून आज सकाळी वीज निरीक्षकाच्या हापिसातून मला फोन. ‘तुम्ही पास केलेल्या डाळमिलीत बाईला शॉक लागला, उद्या खुलासा द्या.’ मला तर पत्ताच न्हाई. तुमच्या मिलीतल्या जगदेवीनं सांगितलं सगळं. केवळाबाईचा हात विजेवरच्या चाळणीला चिकटला, सुटंना. हिनं लाकडी फळी हाणून सोडवलं.

विरूपाक्ष : वाचली न्हवं? हात भाजला तेवढाच.

गफूर : तेवढाच! वा! आन ही घरघर कशाची? तीच चाळणी चालू ठेवली का?

विरूपाक्ष : मग काय कुलूप लावू? चाळीस बायांची चूल हाय हिच्यावर. ऐका, उद्या एवढंच सांगा, तपासलं तवा सगळं ठीक होतं. नंतर उंदरानं वायर कुरतडली.

गफूर : अर्थिंगबी उंदरानंच खाल्लं का? लई शिकलेला उंदीर पाळलाय, अप्पा.

गौरम्मा : कोणता उंदीर?

विरूपाक्ष : केवळाबाईला बघून कवा आलीस दवाखान्यातून? घरात जा. आमचं बोलणं चाललंय.

गौरम्मा : दारातच हाय मघापासून. गफूरभाऊ, खोटी सही निघाली तर कुणाला धरतील?

गफूर : आधी मला, अक्का. परवाना जाईल. मग मालकाला.

गौरम्मा : मालक मीच हाय. कागदावर. ‘महिला उद्योजक’ म्हणून फोटो काढला माझा, हार घातला. सह्या कुठं करायच्या तिथं यांनी बोट ठेवलं, मी केल्या. वाचू दिलं न्हाई एकबी.

विरूपाक्ष : तुला काय कळतं त्यातलं?

गौरम्मा : आज कळलं. भाऊ, मेन स्विच कुठला?

गफूर : त्या खांबावर, लाल दांडीचा. थांबा अक्का, मी पाडतो.

विरूपाक्ष : खबरदार! माझ्या मिलीला हात लावाल तर!

गौरम्मा : तुमची कुठली? पाडा, भाऊ.

(घरघर थांबते. पलीकडून बायांचं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागतं.)

विरूपाक्ष : झालं समाधान? आता बसा सगळे हातावर हात ठेवून.

गौरम्मा : न्हाई. खड्डे होईस्तोवर बाया हातानं चाळतील, मीबी बसते त्यांच्यात. भाऊ, उद्या निरीक्षकाकडं मी येते तुमच्यासंगं. सही कुणाची, ते मी सांगते.

गफूर : तुमच्यावर येईल, अक्का.

गौरम्मा : येऊ द्या. नाव माझंच हाय तिथं.

विरूपाक्ष : घर बुडवायला निघाली! आन ती केवळाबाई? ती काय म्हणाली दवाखान्यात? पोलिसाचं नाव घेतलं का तिनं?

गौरम्मा : न्हाई घेतलं.

विरूपाक्ष : मग? काहीतरी बोलली असंल की.

गौरम्मा : शुद्धीवर आली तशी माझा पदर धरला. म्हणाली, ‘अक्का, चाळणी तर न्हाई ना बिघडली माझ्या हातनं?’