मामाजीचा रामराम

बाई, मी तं लग्नाच्या वर्षीच ट्रकखाली जाता जाता वाचली! मुंबईकडचे ड्रायव्हर तवा आपल्या रस्त्यावर नवीन नवीन येऊन राह्यले होते. माहे सासरे, आमचे मामाजी, मले माहेराहून बैलबंडीत घेऊन अनसिंगले घरी चालले होते. बंडी रस्त्याच्या मधातून, अन् मांगून ट्रक. तेवढ्यात उजव्या अंगाच्या वावरात वळखीचा मानूस दिसला. मामाजीनं उजवा हात बाहेर काढून जोरात म्हनलं, "रामराम!"

ड्रायव्हरले वाटलं, बंडी उजवीकडं वळून राह्यली. त्यानं ट्रक डाव्या अंगानं काढला, अन् बंडी तं सरळच! ट्रक माह्या कानाजवळून गेला अन् थेट कपाशीच्या पऱ्हाटीत घुसला. मी डोळेच मिटून घेतले.

कोनाले काही लागलं नाई. ड्रायव्हर खाली उतरून मामाजीपाशी आला. "अहो आजोबा, हात दाखवलात, मग वळला का नाहीत?"

"वळू कायले? रामराम घातला मी."

"मग वळायचं असलं तर काय दाखवता तुम्ही?"

मामाजी बुचकळ्यात पडले. म्हने, "दाखवाचं कोनाले? बैलायले घर माहीत हाय न!"