बनाबाईंचे दहा श्वास

दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग लागली होती. भाजणीचा डबा घेऊन संयोगिता शेवटी उभी होती. पुढं बनाबाई आणि एक अक्का तावातावानं बोलत होत्या.

"यंदा मी लई शांत हाय बघा, अक्का! चकली मोडू दे, पावणं येऊ देत, डोळं मिटायचं आन् धा श्वास घ्यायचं!"

"जमतंय व्हय?"

"बघा की! एक... दोन..."

अक्कांनी पायानंच आपला डबा पुढं सारला.

"...धा! अवो, तुमचा डबा माझ्या म्होरं कसा?"

"भाजणी हाय माझी! तुमच्या गव्हावर दळली तर चकली बिघडंल की!"

"म्हणून नंबर मारायचा व्हय?"

"शांत हाय म्हणालासा न्हवं? आनखी धा घ्या!"

बनाबाईंनी दातओठ खात डोळे मिटले. "एक... दोन..."

तिनाच्या आत संयोगितानंही आपला डबा पुढं सरकवला.