मजेत आहो म्हटलं

टीव्हीवाल्या पोट्ट्यानं माह्या तोंडापुढं माइक धरला, विचारलं काका कसं चालू आहे, आन् मी म्हटलं एकदम मजेत. बस, एवढंच केलं मी. चोरी केली नाही, कोणाले फसवलं नाही, दारू पिऊन नालीत पडलो नाही, म्हणजे तेही केलं आहे तरुणपणी, पण त्याच्यानं माह्या पायजाम्याशिवाय कोणाचं नुकसान झालं नाही. ह्या एका शब्दानं मात्र गावातल्या सगळ्या फूलवाल्यायचं नुकसान केलं, आन् माह्या बायकोचा गुलाब गेला. पण तुम्ही म्हणता सुरुवातीपासून सांगा, तं घ्या, सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव हिंगण्याच्या पुढं. नाव नका लिहू, गाव माह्यापायी एकदा टीव्हीवर येऊन गेलं आहे, तेवढं पुरे झालं. बाप कापूस-तूर पेरत होता, त्याचा बापही तेच पेरत होता. मी शाळेत गोष्टी सांगण्यात पहिला आन् बाकी सगळ्यात मागं. गावात हसवाचं काम असलं का लोक मले बोलवत, वखर धराचं असलं का माह्या चुलतभावाले. बाप म्हणे ह्या पोराची जीभ वखराले बांधली तं दोन बैलाचं काम करन.

मंग लग्न झालं, निर्मला आली. तिच्या माहेरी फुलाची शेती. पहिल्या सणाले माहेरी गेली ते परत आली, तं लुगडं नाही का भांडं नाही, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या गुलाबाच्या कलमा घेऊन आली. माह्या बापानं पोत्यात डोकावून पाहिलं, म्हणे सूनबाई, हे खाचं का डोक्यात घालाचं? ती म्हणे मामाजी, विकाचं. बापाले हसू आलं, त्यानं नाल्याकाठचा तुकडा दिला तिले, जिथं तुरीलेही करमत नव्हतं अशी जागा. काय सांगू तुम्हाले भाऊ, त्या जागेवर तिनं असा गुलाब केला का रस्त्यानं जाणारी बस हळू होत होती. हे मी वाढवून सांगून राहिलो असं तुम्हाले वाटन, पण बस खरंच हळू होत होती, तिथं मोठा खड्डाही होता ते वेगळं.

उजेड फुटला का ती वाफ्यात. तिच्या हातावर काट्याच्या रेघा अशा, का बांगड्या घातल्या का नाही समजत नव्हतं. आन् मी काय करत होतो? मी टोपल्यावर ओलं फडकं टाकून, टोपलं गाडीले बांधून, नागपूरच्या फूलबाजारात नेऊन देत होतो आन् अडत्याच्या ओट्यावर चहा पित गोष्टी सांगत होतो. घरी येऊन म्हणाचं, लय थकलो आज.

आजूबाजूच्या वावरायचे प्लॉट पडले, कंपन्या वाढल्या, माहा पोरगा राहुल त्यातल्याच एका कंपनीत शिफ्टवर लागला. लोकायनं वावर विकून दुमजली घरं बांधली. मलेही मोह झाला, खोटं कायले बोलू. निर्मला म्हणे, गुलाब उपटाचा असन तं पहिले मले उपटा. मंग विषय बंद.

आन् मंग ते कोरोनाचं वर्ष आलं. होळी झाली, रामनवमी तोंडावर होती. रामनवमीले नागपुरात फूल किती लागते हे तुम्हाले शहरवाल्यायले सांगाची गरज नाही, त्याच्यामागं लग्नं, अक्षयतृतीया, आमचा सगळा हंगाम तोच. झाडं अशी भरली होती का निर्मला म्हणे ह्या वर्षी नजर लागन. आन् सगळं बंद. देऊळ बंद, मंगल कार्यालय बंद, बाजार बंद. पण गुलाबाले कोण सांगन बंद आहे म्हणून? तो उमलूनच राहिला होता. उमललेलं फूल तोडाच लागते भाऊ, विको का न विको, नाही तं झाड बिघडते, मागची कळी धरत नाही. तं ती रोज तोडे आन् मी रोज उकिरड्यावर नेऊन टाको. आमच्या उकिरड्याले अत्तराच्या दुकानासारखा वास. गाईनं फुलं खाल्ली, तं मी गावात सांगत सुटलो का दुधाले गुलाबाचा वास येते, तं लोक खरंच गिलास घेऊन आले. हसू येत होतं तेव्हाही. निर्मलाले येत नव्हतं.

भाजीवाल्यायले पास होता, फूलवाल्यायले नव्हता. फूल काही जीवनावश्यक नाही म्हणे. मी डोकं लावलं, खाली गुलाब, वर पालक, आन् निघालो गाडीनं. नाक्यावर पोलिसानं पालक उचलून पाहाले हात घातला आन् ओय करून मागं घेतला. म्हणे काका, पालकाले काटे कधीपासून यायले लागले? मी म्हटलं साहेब, हे हायब्रीड आहे. त्यालेही हसू आलं बिचाऱ्याले, दंडा नाही मारला, वापस धाडलं. घरी आलो तं तीच फुलं पुन्हा उकिरड्यावर.

अशात टीव्हीवर सरकारचं पॅकेज सुरू झालं. रोज संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढं. एवढे हजार कोटी, तेवढे लाख कोटी, शेतीले इतके. गजानन म्हणून आमच्या गावचा, शेवंती-झेंडू करते, शिकलेला आहे, तो सांगे समजावून. म्हणे हे गोदामासाठी आहे, हे शीतगृहासाठी, हे कर्ज भेटन त्याच्यासाठी. मी म्हटलं गजानन, गुलाब आज सकाळचा आहे गा, गोदाम कई होईन? तो म्हणे काका, गुलाबाचं नाव नाही याच्यात. आता सरकारनं काहीच नाही दिलं असं मी म्हणणार नाही, जीभ झडन. गहू-तांदूळ फुकट भेटला, आम्ही खाल्ला. खात्यात हप्ता येत होता, येते. मेलो नाही त्याच्यानं. पण मले सांगा, माणूस जित्ता राहिला आन् त्याचं काम मेलं, तं त्याले वाचवलं म्हणाचं का? गजानन अजूनही चिडते, म्हणे एवढा पैसा निघाला तो गेला कुठं. मी चिडत नाही. मले माहीत आहे आमच्या गावाचा कुठं गेला. माह्या तोंडातून गेला.

तो पोट्टा आला तेव्हा मी दाढी करून बसलो होतो. टीव्हीवाले येऊन राहिले असं गजाननानं सांगितलं होतं, म्हणे काका, तुम्हाले बोलता येते, तुम्हीच सांगा फूलवाल्यायचं, आपली पाहणी कराले सांगा. म्हणजे कोणी साहेब येईन, वावर पाहीन, पंचनामा करन, मंग काही भरपाई. सगळ्या गावानं माह्यावर भरोसा ठेवला, विचार करा. मी राहुलच्या साखरपुड्याचा सदरा घातला, केसाले तेल लावलं. निर्मला म्हणे, हा सदरा पाहून कोण म्हणन तुमचं नुकसान झालं? मी म्हटलं तुले नाही समजत वं, टीव्ही आहे.

पोट्टा आला. मास्क हनुवटीवर. निर्मला मागं वाफ्यात फुलं तोडून राहिली होती, तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही, सदरा पाहून माह्याकडं आला. विचारलं, काका कसं चालू आहे, सरकारनं शेतकऱ्यायसाठी एवढं केलं, कसं वाटते?

आता तुम्ही सांगा भाऊ, दारात पाहुणा उभा आहे, उन्हातून आला आहे, विचारते कसं आहे, तं आपल्याकडं काय म्हणते माणूस? घरात मयत पडलं असन तरी पहिले म्हणते, ठीक आहे, या, बसा. मी म्हटलं एकदम मजेत, काही कमी नाही, सरकारची मेहेरबानी, बसा, चहा घ्या. आन् टोपल्यातले टपोरे गुलाब दिले त्याच्या हातात. आपली रीत अशी, पहिले मजेत म्हणाचं, चहा घ्याचा, मंग हळूहळू पोटातलं काढाचं. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं त्याले, उकिरडा दाखवला, निर्मलाचे हात दाखवले. तो हाव काका, हाव काका करून राहिला होता, गुलाबाचा वास घेऊन राहिला होता. माइक कधीचा पिशवीत गेला होता, हे मले दिसलं नाही. त्यानं चहाच्या आधीचं घेतलं, चहाच्या नंतरचं घेतलंच नाही.

संध्याकाळी टीव्हीवर मी. चमकदार सदरा, मागं फुललेला गुलाब, हातात फुलं. एकदम मजेत, काही कमी नाही. मंग तेच मोबाइलवर फिरलं. माहा साळा वर्ध्याहून फोन करते, भाऊजी, तुम्ही तं हिरो दिसता.

आठवड्यात आम्ही फूलवाले तहसीलात गेलो, पाहणी करा म्हणून सांगाले. तिथल्या साहेबानं मोबाइल काढला, माह्यापुढं धरला. म्हणे काका, हे तुम्हीच ना? सगळे माह्याकडं पाहून राहिले. मी म्हटलं साहेब, ते चहाच्या आधीचं आहे. त्याले काही समजलं नाही, त्यानं मोबाइल खिशात टाकला. आमचं बोलणं तिथंच संपलं. बाहेर आल्यावर गजानन म्हणे, काहून बोलला गा काका तू? एवढंच म्हटलं त्यानं. शिवी दिली असती तं मले बरं वाटलं असतं.

मी म्हटलं आपणच दुसरा व्हिडिओ करू, खरं सांगू. राहुलनं मोबाइल धरला. मी जुनं बनियान घातलं, केस विस्कटले, उकिरड्यावर उभा राहिलो. सांगाले लागलो तं पालकाची गोष्ट निघाली, मंग दुधाची निघाली, मले थांबता येत नाही हो, राहुलच हसाले लागला, मोबाइल हालून राहिला. लोकायनं तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त पाहिला. खाली हसण्याचे बाहुले पाठवून राहिले होते. कोणी लिहिलं, काका, अजून एक टाका.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा बंद, आन् ह्या वेळेस माणसं जाऊन राहिली होती. आमचा अडत्या गेला. त्याच्या ओट्यावर मी अर्धी जिंदगी चहा प्यालो. हाराचा धंदा केला त्यानं जन्मभर आन् त्याच्या अंगावर एक हार पडला नाही, टाकूच देत नव्हते. निर्मलानं त्या दिवशीची सगळी फुलं नाल्यात सोडली.

राहुलची कंपनी अर्ध्या पगारावर आली होती, मजुराले द्याले नव्हतं, खत नव्हतं, झाडं खुरटून राहिली होती. शेवटी ठरलं, ट्रॅक्टर लावून गुलाब काढाचा, सोयाबीन पेराची. मीच बोललो हे, निर्मलाकडं न पाहता. आदल्या दिवशी वावरात गेलो तं ती कैची घेऊन छाटणी करून राहिली होती. एकेक झाड, सुकी काडी काढून, जशी दरवर्षी करे तशी. मी म्हटलं वं बाई, उद्या ट्रॅक्टर येते, आज छाटून काहून राहिली? ती म्हणे, पोरीले धाडतानी केस विंचरूनच धाडते ना माणूस.

त्या दिवशी मले एकही गोष्ट सुचली नाही.

उपटलेली झाडं आम्ही वावराच्या कडेनं, धुऱ्यावर लावली, रानडुकरं सोयाबीनमध्ये येऊ नये म्हणून. एखादं रुजन असं मले वाटत होतं, पाण्याच्या निमित्तानं दोन-तीनदा जाऊन पाहिलं मी. नाही रुजलं. डुकरं यायची ती येतेच. सोयाबीन कधी पिवळी पडते, कधी भाव पडते. आन् आता निर्मला देवासाठी चौकातून पुडी आणते फुलायची, पुडी सोडून एकेक पाकळी पाहते, म्हणे कालची आहे, आन् तीच वाहते देवाले.

आता पाहा भाऊ, तुम्ही आले तेव्हा दारातून विचारलं, काय काका, कसं काय, आन् मी काय म्हटलं? एकदम मजेत. आठवते ना? पण तुम्ही चहा प्याल्यावरही हे आवाजाचं मशीन चालू ठेवलं, म्हणून एवढं आलं. लिहा तुम्ही, लिहून काही होते असं नाही, वाचणाऱ्याले हसू येईन, मले माहीत आहे, माह्या तोंडून निघालं का सगळ्याचं हसूच होते. तुमचं भलं होवो. थांबा, हे निर्मला आली, कप न्याले. अवं, हे भाऊ आपल्या गुलाबाचं लिहून राहिले, मी सांगितलं त्यायले सगळं.

यायनं काय सांगितलं? फुलं मी तोडत होती, हे तं निस्ते बोलत होते.