बंद फ्लॅटमधलं वाय-फाय

"हॅलो?… हां, पूर्वी, बोल. छे गं, झोप कसली, इंदिरापुरमच्या या उन्हात… ऐकू येतंय ना?"

विनया केसकरने मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला आणि डायनिंग टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला. तिची धाकटी बहीण पुण्याच्या एका कंपनीत नेटवर्कचं काम बघायची. सकाळपासून विनया तिच्याच फोनची वाट बघत होती.

"अगं, आठ दिवस झाले, नेट सारखं तुटतं. आपोआप जातं, आपोआप येतं… हो, हो, वाय-फायचा डबा चालू आहे, दिवे लागलेत. अगं ऐक ना! उद्या कंझ्युमर कोर्टात तारीख आहे. वकिलांना मेल गेलीच पाहिजे."

तारीख बिल्डरविरुद्धची होती. दिल्लीजवळच्या इंदिरापुरममधल्या या टॉवरच्या एकेचाळीस कुटुंबांच्या वतीने विनया दीड वर्ष झगडत होती. तळघरातल्या पार्किंगच्या खांबांना दोनच वर्षांत तडे गेले होते. त्यांत सळया कमी घातल्या, हे कोर्टात सांगायला बिल्डरची नोकरी सोडलेला इंजिनिअर अविनाश माथुर तयार झाला होता. त्याचं नाव तिने कुठेही उच्चारलं नव्हतं. होतं ते फक्त मेलमध्ये.

"माथुर आज तीनला घरी येणार होते. साडेतीन वाजले, पत्ता नाही… घाबरलेत गं. परवा कुणीतरी फोन करून त्यांना त्यांच्या मुलीच्या कॉलेजचं नाव सांगितलं… तेच तर! ते साक्ष देणार हे कळलं कसं?… बरं, बरं. सांग, कुठे दाबू?"

उजव्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या चित्रावर तिने क्लिक केलं. यादी उघडली.

"आलं. 'केसकर ७०४', आपलंच… आणि खाली परत 'केसकर ७०४'. दोनदा का दाखवतंय?… थांब, बघते. एकापुढे सिग्नलच्या टॉवरचं चित्र आहे. दुसऱ्यापुढे दोन कॉम्प्युटर… हो, दोन छोटे कॉम्प्युटर, शेजारी शेजारी… कनेक्टेड? खालच्याला. का गं?… डबाच बंद करू?"

पलीकडून जे आलं ते ऐकता ऐकता ती उठली आणि टीव्हीमागे वाकून तिने डब्याची वायर ओढली. हिरवे दिवे विझले.

"काढली. आता रिफ्रेश… टॉवरवालं गेलं. दुसरं आहे अजून… पूर्वी, डबा बंद आहे. मग हे कुठून येतंय?… दोन कॉम्प्युटरचं चित्र म्हणजे डबा नाही, आपलं नाव लावलेला दुसऱ्याच कुणाचा लॅपटॉप?… आणि मी आठ दिवस त्याच्यातून…"

आठ दिवसांतल्या मेल तिला आठवल्या. माथुरचं नाव, वकिलांची उत्तरं, आणि सकाळचीच मेल: तीन वाजता घरी या, सातवा मजला.

"सगळं वाचलंय कुणीतरी… नाही, मी ठीक आहे. सांग… सिग्नलच्या काड्या बघत फिरू? बरं."

लॅपटॉप हातावर तोलत ती निघाली. स्वयंपाकघरात दोन काड्या. बाल्कनीत एक. पूजेच्या कोनाड्यापाशी, शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीला लागून, पाचही हिरव्या झाल्या.

"सातशे तीन," ती कुजबुजली. "तो फ्लॅट विकलाच नाहीये अजून. किल्ली बिल्डरकडे असते… हो, हळूच बोलतेय. थांब, घरच्या फोनवरून माथुरना लावते. तू लाइनवर राहा. ठेवू नकोस, हं."

तिने नंबर फिरवला. रिंग रिसीव्हरमध्ये वाजली, आणि दुसरी भिंतीपलीकडे. बारीक, पण स्पष्ट. मग दोन्ही एकदम बंद झाल्या.

"पूर्वी… त्यांचा फोन शेजारी वाजला. अगं खरंच! कापला कुणीतरी… आणि इकडे ते नावही गेलं यादीतून. बंद केलं त्यांनी. समजलं त्यांना."

बाहेर शेजारच्या दाराची कडी वाजली. विनयाने अनवाणीच जाऊन दाराच्या भोकाला डोळा लावला.

"दोघं जण आहेत. माथुरना मधे धरलंय. दंड पकडलाय… लिफ्टकडे नेतायत. माथुर माझ्या दाराकडे बघतायत गं… नाही, पोलीस येईपर्यंत हे खाली पोचतील. ऐक. मी आता काहीही बोलले तरी तू मधे बोलू नकोस."

तिने दार सताड उघडलं. मोबाइल कानाशीच होता; आवाज लागला तो खणखणीत.

"हाँ वकील साहब! नीचे पहुँच गए आप?… अच्छा, थानेवाले भी साथ हैं? बहुत बढ़िया, सीधे ऊपर ले आइए. माथुरजी यहीं हैं, मेरे सामने खड़े हैं… हाँ हाँ, दो लोग और हैं इनके साथ. आप खुद पूछ लीजिए कौन हैं."

दंडावरचे हात सैल पडले. दोघांतला उंच माणूस तिच्या कानाजवळच्या मोबाइलकडे बघत राहिला. लिफ्टच्या दारावरचा आकडा दोनवर होता, तीन झाला.

"आइए माथुरजी, चाय ठंडी हो रही है."

माथुर एक पाऊल पुढे आला, मग दुसरं. त्याच्या ओठाला रक्त होतं. विनयाने त्याची बाही धरून त्याला आत ओढलं आणि दार लावून वरची, खालची, दोन्ही कड्या सारल्या. माथुर तिथेच जमिनीवर बसला.

"पूर्वी, आहेस?… रडू नकोस गं. आत घेतलं त्यांना… नाही, वकील नाहीत, पोलीस नाहीत. आम्ही दोघंच." तिने पुन्हा भोकाला डोळा लावला. "ते दोघं लिफ्टसमोर उभे आहेत. कोण येतंय ते बघतायत… सहा… सात… उघडली."

तिने खालची कडी पुन्हा चाचपली.

"रिकामी आहे, पूर्वी. लिफ्ट रिकामी आहे. वळले ते, माझ्या दाराकडे… ठेव. ठेव आता, मला शंभर नंबर लावू दे!"