कोमट पाणी

खुर्ची पुढे ओढा ना, तिथून त्यांना दिसणार नाही तुम्ही — दिसून तरी काय, ओळखणार थोडेच — पण कुणी आलंय एवढं कळतं. माझे हात ओले आहेत, राग मानू नका. अण्णांचे पाय रोज याच वेळी धुतो, पडून पडून टाचांना भेगा पडल्यात. काय म्हणालात? अगदी त्यांच्या कवितेतल्यासारखं? हो, येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. शाळेच्या पुस्तकात आहे ना ती — कवी आपल्या म्हाताऱ्या बापाचे पाय धुतो — पोरं पाठ करतात, मास्तरांचा गळा दाटतो. तुमचाही दाटला होता? बघा!

आता विचारलंतच म्हणून सांगतो, छापू नका म्हणजे झालं — आजोबांचे, अण्णांच्या वडिलांचे, पाय मी धुतले. मी. एकोणीस वर्षांचा होतो, परीक्षा बुडवली. अण्णा परगावी, कविसंमेलनाला. तीनदा फोन केला, निघतोच म्हणाले. आजोबा दाराकडे बघत विचारायचे, आला का रे? मी म्हणायचो, गाडीत बसलेत. चार दिवस गाडीतच बसवून ठेवलं मी त्यांना! अण्णा आले ते सगळं आटोपल्यावर. मग मला जवळ घेऊन विचारत बसले — पाणी कढत होतं का कोमट, भेग कुठल्या टाचेला, शेवटी काय म्हणाले — मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, दुःखानं विचारतायत. पुढच्या महिन्यात कविता छापून आली.

आणि आता मला 'बाबा' म्हणतात — त्यांना मी आजोबा वाटतो. पाय पाण्यात घातले की रोज तेच — बाबा, मी वेळेवर नाही आलो, रागावलात का? 'नाही रे' म्हटलं की झालं, डॉक्टरही सांगून थकले. सेवेत कसूर नाही हो माझी, पण दोन वर्षं झाली, तेवढे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. आज म्हणेन असं रोज ठरवतो, अगदी मनापासून — आणि खाली मान घालून टाच घासत बसतो.

फोटो? काढा की, पाय धुतानाचाच हवा असेल ना — ऐकलंत? सुरू झालं बघा. रागावलात का म्हणतायत. तुम्ही कशाला पुढे — नाही, थांबा! ते 'नाही रे' तुम्ही म्हणायचं नाही. एक शब्द बोलू नका. निघा तुम्ही, दार ओढून घ्या. पाणी गार होतंय.