अर्धी गोळी

लेक : …तेच विचारतेय, बाबा. गोळी रोज घेता, मग साखर एवढी वाढली कशी? चोरून गोड खाता का?

बाबा : तुझ्यासमोरच तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पितोय ना!

लेक : डॉक्टर लेकीपासून लपवू नका.

बाबा : अर्धीच घेतो. उरलेली अर्धी या तुझ्या काकाची.

लेक : काय? काकांना मधुमेह नाहीच!

बाबा : बोटांना सूज आहे ना? त्या गोळीनं सूजही उतरते, हे तूच सांगितलंस.

लेक : उतरू शकते, म्हटलं होतं! पेशी सूज वाढवणारे निरोप धाडतात, ते या गोळीनं कमी होतात, असं संशोधकांना दिसलंय. काकांच्या सांध्यांना उपयोग होईल, असं कुणीच म्हटलेलं नाही. काका, तुम्ही तरी बोला!

काका : काय बोलू? तुझ्या बापाची खोडच ती. दुकान काढलं तेव्हा मशीन एकच. हा शिवायचा, मी काजं करायचो. चहा एक, कप दोन.

बाबा : तू झालीस त्या दिवशी यानं आनंदाच्या भरात कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

काका : रात्री एकेक उसवत बसलो दोघं. हसून हसून पुरेवाट! काय दिवस होते रे!

लेक : विषय बदलू नका.

बाबा : अगं, पण गुण आलाय! परवा यानं कोटाची कॉलर लावून आणली. याची बोटं गेली तर दुकान गेलं. मला एकट्याला नाही बसवणार तिथे.

काका : (खिशातून बटणांची डबी काढून) हे घे.

बाबा : हे… सगळे गोळ्यांचे तुकडे?

काका : एकही घेतला नाही.

बाबा : मग ती कॉलर?

काका : सुनेनं लावली. रोज सकाळी एवढ्या आशेनं हातावर ठेवायचास, नाही म्हणवेना. मला वाटलं, स्वतःची अख्खी घेऊन वरची देतोस. गाढवा, स्वतःची तोडत होतास?

बाबा : तुला कधी वरचं दिलंय का मी?

लेक : पुरे. काका, उद्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. बाबा, गोळी अख्खी, माझ्यासमोर.

बाबा : आणि दुकान? या बोटांनी हा दिवसभर कसा बसणार?

काका : दिवसभर कोण म्हणतंय? अर्धा दिवस उघडू.